पानावर नसलेली खसखस

मूर्खपणा आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी दया येणार नाही. चार वर्षांपूर्वी मी माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या सांबारवडीतली खसखस चोरली. डब्यातली नाही हो... कृतीतली! त्यांनी सावनेरहून फोनवर कृती सांगितली, मी वहीत उतरवली, आणि टाईप करताना खसखस मुद्दाम गाळली. वय तेव्हा सदुसष्ट, अक्कल सातवीतल्या पोरीची.

भूत, करणी, नजर यांतल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी. लिंबू-मिरची दिसली की वर्गात तासभर भाषण ठोकायचे. तेव्हा हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचून हसा.

माझी नात गौरी वेबसाइट बनवायचं काम करते. त्या वर्षी तिनं आमच्या घराण्यातल्या पदार्थांची एक साइट केली. माझ्या अकरा कृती, जाऊबाईंची एकच... सांबारवडी. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, इडलीसोबतचं नव्हे.) प्रत्येक जिन्नसापुढे रिकामा चौकोन, सामान काढून घेतलं की त्यावर टिक करायची.

आता अकरावाल्या बाईला एकवालीची एवढी जळजळ का? तर माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आमच्या ह्यांनी जाऊबाईंच्या हातच्या नऊ वड्या खाल्ल्या आणि माझ्या दोन. बावीस वर्षांची मी दाराआड उभी राहून मोजत होते! दोनपैकी एक अर्धी ठेवली होती, तेही बघून घेतलं. ह्यांना जाऊन सहा वर्षं झालीत, पण तो नऊचा आकडा माझ्या डोक्यातून काही गेला नाही. आहे की नाही बावळट?

साइट सुरू झाली, आमच्या भिशीच्या बायका बघू लागल्या, आणि मी गौरीच्या मागे लागले.

"कोणाची कृती किती जणी वाचतात, ते मले दिसलं पाहिजे."

"आजी, त्याला ट्रॅकिंग टाकावं लागतं."

"मग टाक ना वं! काहून आळस करून राहिली?"

तिनं दोन दिवस खपून ते टाकलं. कोणी पान उघडलं, किती वेळ थांबलं, कोणत्या चौकोनावर टिक केली... प्रत्येक गोष्टीची एक ओळ माझ्या लॅपटॉपवर उमटायला लागली. अशा एका ओळीला इव्हेंट म्हणतात म्हणे. नंदनवन वस्तीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जेवणं आटोपली की मी टेबलावर चष्मा लावून बसायचे. टीव्हीवरची मालिका सोडली मी त्यापायी.

आणि दिसलं काय? जाऊबाईंच्या एका पानाला माझ्या अकरा पानांपेक्षा जास्त वाचक! माझ्या गोळाभातावर कोणी अर्धा मिनिट टिकेना. दिलासा एकच, वडीखालचे अभिप्राय. "करून पाहिली, काहीतरी कमी वाटतं." "नाव मोठं, चव साधी." हे मी चहासोबत दोन-दोनदा वाचायचे.

मग डिसेंबरातल्या एका दुपारी, साडेतीनला, ओळ आली.

पान – सांबारवडी. टिक – खसखस.

मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. पान उघडून पाहिलं. सांबार, सुकं खोबरं, तीळ, चिंच-गूळ, बेसन... खसखस नाही. कुठून असणार, मीच तर गाळली होती! ओळीत पुढे पाहिलं. शहर – माहीत नाही. थांबल्याचा वेळ – शून्य सेकंद.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी गौरीला शेजारी बसवलं. आधी ती हसली, "कोणीतरी गंमत करतंय." मग बराच वेळ काहीतरी शोधत राहिली, आणि हसू ओसरलं.

"आजी, चौकोनासमोर जे नाव असतं तेच या ओळीत येतं. इथे चौकोनच नाहीये. खसखस हा शब्द अख्ख्या साइटमध्ये नाहीये. तू कुठे टाईप केला होतास का?"

"नाही वं," मी म्हटलं. खरंच होतं ते. टाईप न करणं हाच तर माझा पराक्रम!

तिनं ट्रॅकिंग पुसून नव्यानं टाकलं. ओळ आली. दुसऱ्या दिवशी तिनं सांबारवडीचं पानच साइटवरून काढून टाकलं आणि आम्ही दोघी घड्याळ बघत बसलो. साडेतीनला ओळ आली – नसलेल्या पानावर, नसलेल्या चौकोनाची टिक. गौरी खुर्चीतच मागे सरकली. मग हळूच म्हणाली, "आजी... असते का खसखस यात?"

मी उठून गॅसवर दूध ठेवलं. फ्रीजमध्ये दूध आधीच तापवलेलं होतं.

खोटं कशाला सांगू, एवढं होऊनही दोन दिवस मी खसखस लिहू दिली नाही. लिहिली की वड्या जमणार, जमल्या की वाहवा जाऊबाईंची! तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला.

"शकू, पोरी म्हणून राहिल्या, माह्या वडीले पहिलेसारखी चव नाही. तुले सांगताना मी काही विसरली काय वं? आजकाल मले काही आठवतच नाही."

ऐंशी वर्षांची बाई. स्वतःच्या डोक्यावर शंका घेत होती, आणि चोर फोनच्या या टोकाला "नाही हो मोठ्या बाई" करत उभा. फोन ठेवला आणि गौरीला म्हटलं, "पान परत लाव. खसखस लिही. दोन चमचे."

त्या दुपारी साडेतीनला काही आलं नाही. त्यानंतर आजपर्यंत नाही. गौरीनं ऑफिसातल्या मोठ्या लोकांना सगळं दाखवलं, कोणालाच कारण सापडलं नाही. जाऊबाईंवर शंका घ्यावी तर त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि दुपारी त्या झोपलेल्या असतात. वहीचं ते पान मी कोणाला दाखवलं नव्हतं.

रविवारी बस धरून सावनेरला गेले. जाऊबाई अंगणात उन्हाला बाजेवर बसून सांबार निवडत होत्या. सगळं कबूल केलं... खसखस, अभिप्राय, दाराआडून मोजलेल्या नऊ वड्यासुद्धा. आमच्या पिढीतल्या आम्ही दोघीच उरलोय. त्यांनी बोलणं टाकलं, तर मी जळायचं तरी कोणावर?

त्या काड्या मोडत राहिल्या. शेवटी मीच म्हटलं, "मोठ्या बाई, शिव्या द्या, पण बोला ना काही."

त्यांनी मांडीवरचा पाला झटकला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या,

"खसखस तू गाळशील, हे मले तवाच माहीत होतं वं शकू. म्हणून तं चारोळी मी तुले सांगितलीच नाही."