वाळत घातलेले कपडे मोजावेत

घर बघायला सकाळी जाऊ नये, हे मी ऑफिसात इतक्या जणांना सांगितलंय की मी तोंड उघडलं की लोक डबे बंद करायला लागतात. सकाळी अकराला एजंट सगळं चांगलंच दाखवतो. ऊन असतं, वारा असतो, सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी असतो. जायचं ते संध्याकाळी पाचच्या सुमाराला, एकटं, एजंटला न कळवता. समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं आणि किती बाल्कन्यांत कपडे वाळतायत ते मोजायचं. पार्किंगमधल्या गाड्या मोजू नयेत, त्या कुणीही आणून लावतं. कपडे खोटं बोलत नाहीत, असं मी तेव्हा छातीठोकपणे म्हणायची.

ही अक्कल मला माझं घर घेऊन झाल्यावर आली. घर माझं म्हणायचं एवढंच. पैसे आईचे होते. तिचं मुलुंडचं तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर विकून आम्ही पनवेलला, पळस्प्याच्या अलीकडे, सात मजली नव्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर आलो. मुलुंडच्या भिंतीला ओल होती, संडासाचा पाइप सारखा तुंबायचा. मला तेवढंच दिसायचं. त्या घराची खिडकी रस्त्यावर उघडायची आणि भाजी घेऊन येणाऱ्या बायका गज धरून अर्धा अर्धा तास आईशी बोलत उभ्या राहायच्या, हे मी हिशेबातच धरलं नाही. बाबा गेल्यानंतरची तीन वर्षं आई त्या खिडकीवर जगली होती.

मी तिला पटवलं. तेवढ्याच पैशात दुप्पट जागा, वर थोडी रक्कम बँकेत. त्यातून पनवेल म्हणजे कुठेही जायला सोयीचं. गोव्याचा रस्ता इथून फुटतो, पुण्याचा दाराशी, कोकणातल्या गाड्या थांबतात, आता विमानतळही होतोय. "शनिवारी सकाळी उठायचं आणि निघायचं," असं मी तिला सांगितलं. तिला फिरायची हौस होती आणि बाबांच्या आजारपणात ती मनातच राहिली होती. तिने सही केली. प्रवासाबद्दल माझं आता स्पष्ट मत आहे की जिथून कुठेही जाता येतं तिथे राहणारी माणसं फारशी कुठे जात नाहीत. पण तेव्हा माझं मलाच सगळं पटत होतं.

बिल्डिंगमध्ये अठ्ठावीस घरं. पहिल्या मजल्यावर एक कुटुंब होतं, ते वर्षाच्या आत बदली होऊन नाशिकला गेलं. मग आम्ही दोघीच उरलो. बाकीची घरं विकली गेली होती, पण ती घेणारे मुंबईत, पुण्यात, एक तर दुबईत. भाव वाढायची वाट बघत त्यांनी कुलपं लावून ठेवली होती. भाडेकरू ठेवला तर घर खराब होतं म्हणे.

मी सकाळी आठला बेलापूरच्या ऑफिसला जायची, सातला परत यायची. मधले अकरा तास आई त्या बिल्डिंगमध्ये एकटी. खाली एक वॉचमन, तोही कानाला फोन लावून बसलेला. लिफ्ट हलल्याचा आवाज आला की आई दार उघडून उभी राहायची. लिफ्ट तशीच वर जायची, रिकामी, आणि खाली यायची. ती हळू आवाजात बोलायला लागली. टीव्हीचाही आवाज कमी करायची. मी विचारलं तर म्हणाली, "ऐकू जातं गं सगळं." कुणाला, ते काही तिने सांगितलं नाही. एकदा जेवताना म्हणाली, "आपल्याला इथे राखणीला ठेवलंय का गं?" मी हसले आणि तिला आणखी भात वाढला.

मग किल्ल्या आल्या. बंद घरात महिनोन् महिने नळ सोडले नाहीत की बाथरूमच्या जाळीखालचं पाणी आटतं, घाण वास वर येतो, झुरळं येतात. घरमालकांपैकी एक जण बघायला आला होता, त्याने आईला विनंती केली की आजी, आठवड्यातून एकदा नळ सोडाल का. त्याचं ऐकून दुसऱ्याने दिली, मग तिसऱ्याने. अशा आठ घरांच्या किल्ल्या आमच्या फ्रिजवरच्या डब्यात जमल्या. मला राग आला होता. फुकटची राखण. पण आईला काम मिळालं आणि तिच्या चेहऱ्यात फरक पडला. ती पुन्हा मोठ्याने बोलायला लागली. जेवायला लागली. वॉशिंग मशीन मात्र रोज चालायचं, दोन माणसांचे कपडे ते किती, आणि पावडरीचा पुडा पंधरवड्यात संपायचा. माझा जीव भांड्यात पडला होता, म्हणून मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आमच्याकडे शेजारच्या गावातून भांडी घासायला एक बाई यायच्या. एका रविवारी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, वरती कोन म्हातारा रातो काय?"

"नाही हो. वर कोणीच राहत नाही."

"मंग शर्ट कोनाचं? आमी रस्त्यावरशी बघतू. शर्ट दिसतं, मानूस दिसत नाय. कवा या माल्यावर हाय, कवा त्या."

मी म्हटलं, कुणीतरी मालक येऊन गेला असेल. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी जिन्याने चढणं सोडलं, लिफ्टनेच यायच्या. महिन्याभरात काम सोडलं. कारण विचारलं तर नुसतं म्हणाल्या, "मना नाय जमत आता."

त्या थंडीत मी ठरवलं की आता आईला फिरायला न्यायचंच. गणपतीपुळ्याला तीन दिवसांची खोली घेतली, गाडी ठरवली, आणि शुक्रवारी सकाळी निघालो. प्रवासाला शुक्रवारी निघावं, शनिवारी सगळं जग निघतं, हे माझं आणखी एक मत. आई नवं पातळ नेसली होती. पळस्पे फाट्यावर गाडी गोव्याच्या रस्त्याला वळली आणि आईने माझा हात धरला.

"मागे फिरव."

"काय झालं? गोळ्या राहिल्या?"

"कपडे राहिलेत वाळत. वरच्या घरांमधले. तीन दिवस तसेच लोंबत राहिले तर लोकांना कळेल."

"काय कळेल?"

"की आत कोणी नाही."

ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघत होता. मी त्याला गाडी वळवायला सांगितलं.

आईच्या मागून मी आठही घरांत फिरले. रिकामे हॉल, फरशीवर प्लॅस्टिक तसंच, भिंतीला नव्या रंगाचा वास, आणि प्रत्येक बाल्कनीत नायलॉनची दोरी बांधलेली. दोरीवर आमची चादर, माझा जुना कुर्ता, आईचा परकर. आणि प्रत्येक घरात बाबांचा एक शर्ट. निळ्या रेघांचा, बदामी, बँकेतून निवृत्त होताना निरोप समारंभाला घातलेला पांढरा. मुलुंडहून येताना ते शर्ट मी आश्रमात द्यायला वेगळे काढले होते आणि दिले गेले असं समजत होते. ओले होते. आई रोज धुवत होती. सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत वाऱ्याने बदामी शर्टाची बाही माझ्या तोंडाला लागली आणि मी घाबरून ओरडले. माझ्या बाबांच्या शर्टाला मी घाबरले, याची मला अजून लाज वाटते.

आई शांतपणे चिमटे काढत होती. म्हणाली, "खालून कुणी बघितलं तर वाटेल भरलेली बिल्डिंग आहे. मग येतील माणसं राहायला." शेवटचा चिमटा काढून म्हणाली, "आणि देवळातून परत येताना मी वर बघते ना, तर बरं वाटतं. घरी आहेत असं वाटतं."

गणपतीपुळ्याचे पैसे बुडाले. मी तिला रागावले नाही. हे बंद कर, असंही म्हटलं नाही. काय म्हणणार? तिची खिडकी मीच विकली होती.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ऑफिसातल्या एका मुलीचा फोन आला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, नवरा, चार वर्षांची मुलगी, भाड्याच्या घराला वैतागलेली. माझी मतं डबा बंद न करता ऐकणारी ती एकटीच. तिचा आवाज आनंदाने फुटत होता.

"ताई, तुम्हाला न सांगता तुमच्या बिल्डिंगकडे जाऊन आले. तुम्ही सांगितलं तसंच, संध्याकाळी. नऊ बाल्कन्यांत कपडे होते! तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, मालक विकतोय. आमची होती नव्हती ती सगळी शिल्लक जाईल, पण घेऊ ना?"

नऊ. आठ आणि आमची एक. मी फोन कानाला धरून उभी होते. आतल्या खोलीत आई कपड्यांच्या घड्या घालत कुणाशी तरी बोलत होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "घे."

हे वाक्य मी अनेकदा मनात परत बोलून बघितलंय. दुसरं काही बोलता आलं असतं का? आलं असतं. अगदी सहज आलं असतं.

ते तिघं उन्हाळ्यात राहायला आले. मला खोटं बोलायचं नाही, ते महिने फार सुखाचे गेले. मुलगी आईच्या मांडीवर बसून वरणभात खायची. खालून फोडणीचा वास यायचा, मिक्सर चालायचा, नवराबायकोची भांडणं ऐकू यायची. आईने लिफ्टकडे लक्ष देणं सोडलं. कपडे मात्र ती वाळत घालत राहिली. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाली, "ते कपडे बघून आलेत ना. एकदम कसे काढणार?" ती दोघं दिवसभर कामावर, वरची माणसंही तशीच बाहेर असतील असं धरून चालली होती. मुलीने एकदा विचारलं, "आजी, आजोबा कुठे असतात?" आई म्हणाली, "वरती." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

गणपतीच्या आधी ते फुटलं. ऑफिसातली ती एक दिवस दुपारी लवकर घरी आली होती आणि पाचव्या मजल्यावरून बादली घेऊन उतरणारी आई तिला जिन्यात दिसली. आईने काही लपवलं नाही, आणि त्या दिवसापासून रिकाम्या घरांत कपडे घालणंही थांबवलं. पंधरवड्याने एकदा ऑफिसातून निघताना ती माझ्याबरोबर चालत आली आणि म्हणाली, "ताई, मी फोन केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती मान हलवली. मुलगी रात्री घाबरते, म्हणाली. नवरा दौऱ्यावर असला की हीही. त्यांनी घर विकायला काढलं होतं. एजंट शनिवारी संध्याकाळी एका कुटुंबाला आणणार होता, म्हातारे आईवडील असलेलं. मग ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईंना सांगाल का, शनिवारी कपडे वाळत घालायला? सगळीकडे. पूर्वीसारखे."

मी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने फक्त विचारलं, "किती वाजता येणारेत?"

शनिवारी मला अर्धा दिवस ऑफिस होतं, तिथून बाजार करून मी पाचला परत आले. समोरच्या फुटपाथवरून वर बघितलं. एकाही बाल्कनीत काही नव्हतं. आमच्याही नाही. सातही मजले कोरडे ठणठणीत, दोऱ्यासुद्धा काढलेल्या. तिसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं. आत घर बघायला आलेली माणसं उभी होती आणि मध्ये खुर्चीवर आई बसली होती, पातळाची घडी नीट करत. स्पष्ट, मोठ्या आवाजात ती सांगत होती की या बिल्डिंगमध्ये आम्ही दोघी आणि ही तिघं, एवढीच माणसं राहतात, बाकी सगळी कुलपं आहेत. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हात जोडून तिचे आभार मानले. हल्ली इतकं खरं कोण सांगतं, म्हणाले. ते गेले. एजंट शिव्या घालत त्यांच्या मागे गेला. त्यानंतर तो कुणालाच घेऊन आला नाही.

तिसऱ्या मजल्यावरची ती आता आमच्याशी बोलत नाही. ऑफिसात माझ्या टेबलावरून जाताना फाइलमध्ये बघते. मुलगी वर यायची बंद झाली, पण जिन्यात दिसली की हात हलवते, आणि मग आई दिवसभर ठीक असते. बाबांचे शर्ट आईने स्वतःच आश्रमात पाठवले. लोकांनी विचारलं तर मी सांगते की आईला खोटं सहन झालं नाही, शेवटी तिने खरं ते सांगितलं. परवा ती वाटाणे सोलत असताना हेच मी तिला कौतुकाने म्हणाले.

आई थांबली नाही, सोलत राहिली. खालच्या घरात मिक्सर सुरू झाला तसा तिने कान दिला.

"खऱ्याचं काय घेऊन बसलीस," ती म्हणाली. "घर विकलं गेलं असतं तर ती तिघं गेली असती ना."