आईसाठी घेतलेली गाडी

प्रत्येक घरात एक जण मागे राहतो. त्याला कुणी राहा म्हणत नाही, तोही राहतो म्हणत नाही. बाकीचे निघून जातात आणि तो असतो तिथेच असतो, एवढंच. रोइ-एत शहराजवळच्या आमच्या गावात थोंगदी आजींच्या घरी मागे राहिली ती प्रानोम. आजींची थोरली लेक. पन्नाशी ओलांडलेली, बिनलग्नाची, लव्हाळ्याच्या चटया विणणारी, आणि कुणाला नाही म्हणायचं तर जिच्या अगदी जिवावर येतं अशी. धाकटा भाऊ विचियन रायोंगला कारखान्यात, त्याच्या पाठची सुनीसा बँकॉकला केस कापण्याच्या दुकानात. दोघंही गुणी. न चुकता पैसे पाठवणारी, आठवड्याला फोन करणारी. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला गावात कुणाला जागा नाही. म्हणूनच ही हकीकत सांगताना चिडचिड होते, कारण चिडायचं कुणावर तेच कळत नाही.

आजींचा डावा डोळा साखरेच्या आजाराने गेला होता. उजवा वाचवायचा तर दर महिन्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन डोळ्यात सुई घ्यायची, एकही खेप चुकवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आजींना सुईची भीती नव्हती. भीती होती गाडीत चढण्याची. दोन्ही गुडघे कामातून गेलेले आणि देह चांगला थोराड. शहरात जाणाऱ्या वडापाच्या गाडीला मागून लोखंडी पायऱ्या. एकदा दोन बाप्यांनी काखेत हात घालून आजींना वर ओढलं, आणि त्या ओढाताणीत चारचौघांत त्यांचं नेसूचं सुटलं. त्यानंतर घरात त्या गाडीचं नाव काढायची सोय उरली नाही.

मग शेजारच्या अनोंगबाई धावून आल्या. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांच्याकडे एक जुनी, बुटकी, रंग उडालेली गाडी. आजी गाडीकडे पाठ करून सीटवर टेकायच्या, प्रानोम एकेक करून पाय आत घ्यायची, झालं. पण दर महिन्याला बाईंचा अख्खा दिवस त्यात जायचा. बाई कधी कुरकुरल्या नाहीत. पेट्रोलचे पैसेही घ्यायच्या नाहीत, आणि आजींना सोसत नव्हतं ते नेमकं हेच. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होतोय या विचाराने आमच्याकडची माणसं जितकी झिजतात तितकी आजारानेही झिजत नाहीत. दवाखान्याची तारीख जवळ आली की आजी बाईंच्या घरी पपया पाठवायच्या, चिकट तांदूळ पाठवायच्या, एकदा तर नवी कोरी चटई. तरी मन खातच होतं.

"किती राबवायचं गं त्या बाईला?" त्या प्रानोमला म्हणायच्या. "तिची काय मी सासू आहे का?"

प्रानोमने हे भावंडांच्या कानावर घातलं आणि दोघांनी उचलूनच धरलं. तिघांनी मिळून एखादी जुनी गाडी घ्यायची. एरवी गावाला राहील, आईला दवाखान्यात न्यायला. सणाला आलो की सगळ्यांना. सुनीसा आणि प्रानोमने आपापल्या परीने भर घालायची, कर्ज विचियनच्या पगारावर काढायचं, म्हणून गाडी त्याच्या नावावर. "चालवणार ताई, तर बघायचीही ताईनेच," असं विचियन स्वतः म्हणाला. प्रानोमला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी निवडायला सांगितलं होतं. ती अनोंगबाईंच्या गाडीवर चालवायला शिकली, कुंपणाला दोनदा घासून घेतलं, आणि परवाना मिळाला त्या दिवशी गावभर सांगत सुटली.

जुन्या गाड्या विकतात त्या जागेला आमच्याकडे तंबू म्हणतात, वर पक्कं पत्र्याचं छप्पर असलं तरी. बाईंना आणि आईला घेऊन प्रानोम तीन-चार तंबू हिंडली. विक्रेते इंजिनाचं कौतुक सांगत होते, आणि प्रानोम प्रत्येक गाडीचं दार उघडून सीट आपल्या मांडीला कुठे लागते ते बघत होती. शेवटी एक पांढरी गाडी सापडली. बुटकी, साधी, दार चांगलं रुंद उघडणारं. आजी पाठमोऱ्या झाल्या, टेकल्या, स्वतःच्या हाताने स्वतःचे पाय उचलून आत घेतले आणि दार आतून धाडकन ओढून घेतलं. प्रानोमचा हातसुद्धा लागला नाही.

"चला की," आजी आतून ओरडल्या. "बघत काय उभ्या राहिलात?"

अनोंगबाई हसायला लागल्या. प्रानोमला मात्र रडू आलं, ते तिने घाम पुसल्यासारखं पुसलं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाला. प्रानोमने गाडीचे फोटो आधीच पाठवले होते. विचियन ते पुन्हा पुन्हा मागेपुढे करत बसला.

"काय रे, आवडली नाही?"

"ताई, पांढरी आहे."

"मग?"

"मी मंगळवारचा ना! मंगळवारी जन्मलेल्याला पांढरा चालत नाही. गाडी माझ्या नावावर, आणि माझी बायको कालच ज्योतिषाकडे जाऊन आली. मला घरात राहायचंय की नाही?"

"आणि लाल नको हं," सुनीसा मध्येच म्हणाली. "मी सोमवारची."

"अरे, मग मागे चिकटवू ना," प्रानोम म्हणाली. "'ही गाडी काळी आहे' म्हणून. सरपंचांच्या हिरव्या गाडीवर नाही का, 'ही गाडी लाल आहे' असं मोठ्या अक्षरात?"

"ग्रह काय वाहतूक पोलीस आहेत, चिकटवलेलं वाचून सोडून द्यायला?"

तिघंही हसले. हसून झाल्यावर विचियन जरा गंभीर झाला. "खरं सांगू का ताई? रंगाचं सोड. एवढं कर्ज काढायचं आणि आईला डबी घ्यायची? माझा एक सोबती त्याची पिकअप विकतोय. चार दारांची, राखाडी, उंच करून घेतलेली. स्वस्तात देतोय, ओळखीचा म्हणून. सणाला सगळी पोरं त्यात मावतील, मागे भाताची पोती टाकता येतील. गावात शिरली की लोक मान वळवून बघतील. थोंगदीच्या पोराने आईला गाडी घेतली, हे दिसायला नको?"

"खरंच ताई," सुनीसाने री ओढली. "आईने आयुष्यभर काय मिरवलं?"

आता बोलायला हवं होतं. प्रानोम बोललीही, पण तिच्या पद्धतीने. "उंच आहे म्हणतोस रे... आईचे गुडघे..."

"पायरी असते गं खाली. आणि आपण कशाला भांडायचं? आईलाच विचारू. आई!"

फोन आजींच्या हातात गेला. त्यांनी तो उजव्या डोळ्यासमोर धरला.

"आई, मी एक मोठी गाडी बघितलीय. तुला चालेल ना?"

"तुला आवडली ना चियन? मग छानच असणार."

"चढता येईल ना पण?"

"न यायला काय झालं? म्हातारी झालेय, मेले नाही अजून!"

तिकडे दोन शहरांत दोघं खळखळून हसली आणि गाडी ठरली. प्रानोमने फोन ठेवला तेव्हा ती चांगलीच तापली होती.

"आई, असं का म्हणालीस? आजच ती पांढरी किती आवडली होती तुला!"

"पोरगा किती हौसेने सांगत होता. त्याच्या तोंडावर नाही म्हणू?" आजी म्हणाल्या. "आणि तू गं? तुला तोंड नव्हतं?"

प्रानोम उठली. ती चटईपाशी जाऊन बसली.

एप्रिलात नववर्षाच्या सणाला पिकअप आली. दिसायला खरंच देखणी होती. देवळातले भिक्खू आले, मंत्र म्हणून पाणी शिंपडलं, गाडीच्या छताला आतून शुभाचे पांढरे ठिपके काढले. सुनीसाने पुढे फुलांची माळ बांधली. विचियनने आईला चक्क लेकरासारखं उचललं आणि पुढच्या सीटवर बसवलं. आजी किंचाळल्या, हसल्या, त्याच्या डोक्यात टपली मारली. मग गाडी गावभर फिरली आणि आजी खिडकीतून सगळ्यांना हात करत होत्या. ते काही नाटक नव्हतं. त्या दिवशी त्या खरोखरच सुखात होत्या, आणि त्यांना तशा बघून प्रानोमलाही वाटलं की आपण उगीचच किरकिर केली.

अनोंगबाईंनी तिला बाजूला घेतलं. "उद्या तो गेला की तू कशी चढवणार गं?"

"बघू, बाई. स्टूल ठेवीन."

निघताना विचियनने सणाच्या रिवाजाप्रमाणे आईच्या हातांवर सुगंधी पाणी घातलं, पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "आता कुणाच्या दारात जायचं नाही, आई. आपली गाडी आहे." आजींनी त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि जाऊ दिलं नाही बराच वेळ. दोघं बसने परत गेली. गाडी अंगणात आंब्याखाली उभी राहिली.

दवाखान्याचा दिवस आला. आजींनी ठेवणीतलं रेशमी नेसूचं काढलं, कारण गाडी तशी होती. प्रानोमने दारापाशी लाल प्लास्टिकचं स्टूल मांडलं. आजींनी आतल्या कड्याला धरलं, एक पाय स्टुलावर ठेवला. दुसरा पायरीपर्यंत जाईना. प्रानोमने खालून खांदा लावला. "आणखी थोडं, आई. थोडंच." आजींचा गुडघा थरथरायला लागला, स्टूल सरकलं आणि दोघीही मायलेकी धुळीत बसल्या. लागलं फारसं नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग विटा मांडून केला. तिसऱ्या खेपेला आजी अर्ध्यात अडकल्या, वरही जाईनात आणि खालीही येईनात, आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की प्रानोमने घाबरून त्यांना कवेत घेऊन खाली उतरवलं. आजी स्टुलावर बसून राहिल्या. घामाने पाठ भिजली होती.

तेवढ्यात रस्त्यावर अनोंगबाईंची गाडी हळू झाली. बाईंनी काच खाली केली.

"निघालात का? की मी येऊ? मला आज काहीएक काम नाही."

आजी गाडीच्या दाराला धरून ताडकन उभ्या राहिल्या. "नको नको, बाई, निघालोच! आता घरची गाडी आहे की!"

बाईंनी प्रानोमकडे पाहिलं. "काय गं?"

आजींनी लेकीचं मनगट धरलं होतं, आणि म्हातारपणातही त्या मुठीत केवढा जोर होता. प्रानोमचं तोंड उघडलं. "हो, बाई," ती म्हणाली. "निघतोय."

बाईंची गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

"आई, मी जाऊन बोलावते त्यांना. नाहीतर शहरातून भाड्याची मागवते. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतं ना?"

"खबरदार. दारात पोराची गाडी उभी असताना मी परक्या गाडीतून गेले तर गाव त्याला काय म्हणेल? हप्ते फेडता फेडता त्याचे केस पांढरे व्हायचेत. आणि त्याच्या कानावर गेलं तर? त्याला काय वाटेल?"

प्रानोमला ओरडावंसं वाटलं. या घरात माया काही कमी नव्हती. सगळे एकमेकांना जपत होते, आणि त्या जपण्यात आईचा डोळा चालला होता. हे तिला लख्ख दिसत होतं आणि तरी कुणाच्या समोर उभं राहून काय बोलायचं, ते सुचत नव्हतं.

फोन वाजला. विचियन. मागे कारखान्याचा खडखडाट.

"ताई, बसली का आई?"

आजींनी फोन ओढून घेतला. "बसले रे," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "गादीवर बसल्यासारखं वाटतंय. तू काळजी करू नकोस."

"ताईला दे." त्याचा आवाज फुलला होता. "ताई, हळू चालव हं. वळणावर जप."

"विचियन..."

"काय गं?"

इकडे आई तिच्या तोंडाकडे बघत होती. तिकडे भाऊ वाट बघत होता.

"काही नाही," प्रानोम म्हणाली. "जेवलास का?"

"आता जातोय. तुम्ही पण तिकडे काहीतरी खाऊन घ्या."

फोन बंद झाला. आजी उठल्या. "पुढच्या महिन्यात जाऊ," त्या म्हणाल्या. "तोवर गुडघे जरा मोकळे होतील." प्रानोमने आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. त्या एकट्याच घराकडे निघाल्या. पायऱ्यांपाशी थांबल्या आणि हात पुढे करून कठडा चाचपू लागल्या, एकदा इकडे, एकदा तिकडे. कठडा त्यांच्या समोरच होता.