धुक्यातली पावलं
ओल्या घोंगडीचा वास आला की शिनोलीची ती वाट आठवते. आम्ही ख्रिस्ती होऊन प्रभूला मानू लागलो म्हणून गावाने आमच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि त्याच आठवड्यात घराच्या पत्र्यावर दगडही पडले होते. रविवारी दुपारी प्रार्थनेहून परतताना आई आणि मी एका घोंगडीखाली चालत होतो. पावसाळी धुकं इतकं दाट की आपलेच पाय दिसेनात. मागून पावलं वाजू लागली. आम्ही थांबलो की तीही थांबत. "मागं बघू नको," आई हळूच म्हणाली आणि तिने मोठ्याने प्रार्थना सुरू केली, "प्रभू, आमच्यासंगं चाल." आधी तिचा आवाज कापत होता, मग स्थिर झाला. दम घ्यायला ती थांबली, तेव्हा अगदी जवळून पुरुषाचा आवाज आला, "वहिनी, थांबू नका. म्हणत ऱ्हावा. मला वाट दिसत न्हाई." तो आमचा शेजारी होता, आमच्याशी कुणी बोलू नये, असं चावडीवर सांगणारा तोच. आई पुन्हा म्हणू लागली. गावातली पहिली घरं दिसताच तो दुसऱ्या बोळात वळला आणि पुढेही आमच्याशी कधी बोलला नाही. आता मी शहरात एकटी राहते, आणि भीती वाटली की प्रार्थना मनात न करता मोठ्यानेच करते.