टाकीतली बडबड

नरोलीतले आमचे शेजारी निवृत्त होईपर्यंत मुंबईच्या गोदीत युद्धनौका दुरुस्त करायचे. त्यांच्या बडबडीला कंटाळूनच नौका समुद्रावर पळत असाव्यात. जहाजाच्या बंद टाकीत शिरलेल्याने सतत बोलायचं आणि तो गप्प झाला, की आत गुदमरला समजून बाहेरच्याने त्याचे पाय ओढायचे, हा तिथला त्यांच्या टोळीचा नियम.

परवा सोसायटीच्या रिकाम्या टाकीत कमरेपर्यंत शिरून ते व्हॉल्व्ह बसवत होते आणि सुनेला, सरकारला, इथल्या गुजराती वळणाच्या गोड डाळीला शिव्या घालत होते. मी बाहेर मोबाइल बघत होतो. अचानक आवाज थांबला. मी घाबरून त्यांचे दोन्ही पाय ओढले.

बाहेर आले ते दातांत नट धरूनच. तो काढून म्हणाले, "म्हणजे ऐकत होता तुम्ही! घरी मी गप्प झालो, की सगळे हुश्श करतात."