लॉर्नचे फटके

माझा भाऊ लॉर्न बायडा बर्फावरच्या हॉकीत मारामारी करण्याचा पगार घेत असे. गोल करणं त्याचं काम नव्हतंच. आमच्या एखाद्या चपळ खेळाडूला कुणी आडवं केलं की प्रशिक्षक बाकावर बसलेल्या लॉर्नच्या पाठीवर थाप मारायचा. लॉर्न बर्फावर उतरायचा, समोरच्या आडदांडाला विचारायचा, "येतोस का?" आणि दोघं हातमोजे फेकून एकमेकांची थोबाडं फोडायचे. पडलेल्याला मारायचं नाही आणि संपल्यावर राग धरायचा नाही, एवढेच त्यांचे नियम. बर्फावर रक्त सांडलं की लोक उभे राहून टाळ्या पिटत. मीही पिटल्यात. भाऊ होता माझा, आणि बहुतेक वेळा जिंकायचा.

मोठ्या संघात तो कधी पोचला नाही. सस्कॅचेवान प्रांतातल्या लहानसहान गावांच्या संघांतून गुडघा जाईपर्यंत खेळला आणि मग धान्याच्या कोठारावर पोती उचलायला लागला. नाक वाकडं, बोटं वाकडी. गावात त्याचा दरारा होता आणि लाडही. मी गावातल्या हॉकीच्या रिंकवर, खाण्याच्या टपरीत, बटाटे तळते. माझ्या काउंटरवर कोपरं टेकून लोक अजून त्याच्या मारामाऱ्या रंगवून सांगतात, जणू मी तिथे नव्हतेच.

घरातलं मात्र कुणी सांगत नाही. त्यानं कपाटाचं दार बिजागरीसकट उपटलं. कुत्र्याला अशी लाथ घातली की ते बिचारं परत घरात शिरलं नाही. बायको केव्हाच विनिपेग शहरात निघून गेली. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली डोंबलाची, नंतर त्याला काही आठवायचं नाही. "मी? मार्लीन, डोकं फिरलंय का तुझं?" डॉक्टरचं नाव काढलं की ताट भिंतीवर.

मग तो रविवार आला. मी त्याच्याकडे पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, तळत होते. त्याच्या मुलीनं, टेसानं, पातेल्यावर झाकण जरा जोरात ठेवलं. खण्णकन आवाज झाला. लॉर्न खुर्चीवरून उठला. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नव्हतं. स्वतःच्या मुलीला म्हणाला, "येतोस का?" डाव्या हातानं तिची कॉलर धरली आणि उजव्यानं हाणायला लागला. टेसानं तोंडापुढे हात धरला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओट्यावरचा रिकामा जड तवा उचलून मी त्याच्या पाठीत घातला, होती नव्हती तेवढी ताकद लावून. तो मटकन खाली बसला. थोड्या वेळानं पाठ चोळत म्हणाला, "झालं का गं जेवण?"

आम्ही त्याला सांगितलं, टेसा शेजाऱ्याच्या पायऱ्यांवरच्या बर्फावर घसरली. तेव्हा हा बाहेर गेला आणि पायऱ्या नीट झाडल्या नाहीत म्हणून शेजाऱ्याची गचांडी धरून त्याचा ओठ फोडून आला. मुलीवर त्याचा फार जीव.

टेसाचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. डिजिटल तंत्रज्ञानाच्या वर्गात प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता आणि आधी त्याचा प्रस्ताव लिहायचा होता. देजार्ले सरांची अट अशी की प्रकल्प खऱ्या माणसाच्या खऱ्या अडचणीवर हवा, आणि त्या माणसानं वर्गात बसून प्रस्ताव ऐकायचा, मगच होकार द्यायचा. टेसानं बापाला निवडलं. जुन्या मारामाऱ्यांच्या चित्रफिती संगणकाला दाखवायच्या आणि त्यानं प्रत्येक फटका टिपायचा. लॉर्न हरखला. त्याला वाटलं, मुलगी त्याच्या पराक्रमाचा सिनेमा काढतेय.

टेसा माझ्या काउंटरच्या कोपऱ्यात बसून एका हातानं टाईप करायची. एकदा सरांनी मसुदा परत पाठवला. 'समस्या' या मथळ्याखाली तिनं काहीतरी गुळगुळीत लिहिलं होतं. कुणाला काय त्रास होतो ते सरळ लिही, असा शेरा होता. तिनं मग जे लिहिलं ते मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

"खोड ते आधी," मी म्हटलं. "जीव घेईल तो तुझा."

"आत्या, तुझं-माझं तो ऐकणार नाही. चित्रफितीचं ऐकेल. मी कॉलेजला गेले की त्याला डॉक्टरकडे कोण नेणार आहे?"

"मी आहे ना!"

"इतकी वर्षं होतीसच की."

मी बटाटे उलटले.

वर्गात लॉर्न संघाचं जुनं जाकीट घालून माझ्याबरोबर आला. पोट मावत नव्हतं. मोठ्या टीव्हीच्या पडद्यावर तरणाताठा लॉर्न दिसला आणि हा खुर्चीतूनच मुठी हलवायला लागला. "आता बघा हं, आता डावा!" मुलं हसत होती. पण पडद्यावर लाल ठिपका उमटायचा तो फक्त लॉर्नच्याच डोक्यावर. एकावर एक, एकावर एक, तोंड दिसेनासं होईपर्यंत.

"अगं, मी मारलेले मोज की!" तो ओरडला. "त्याचे काय मोजतेस?"

टेसानं चित्रफीत थांबवली आणि वाचायला लागली. "समस्या. माझ्या बाबांनी डोक्यावर फार मार खाल्ला आहे. आता ते चिडले की काय करतात ते त्यांना आठवत नाही. पायऱ्यांवर मी घसरले नव्हते. माझं मनगट त्यांनी मोडलं. त्यांनी डॉक्टरकडे जावं, एवढ्यासाठी हा प्रकल्प आहे."

लॉर्ननं टेबल उचलून पडद्यावर फेकलं. काचा उडाल्या, मुली किंचाळल्या. देजार्ले सर मध्ये पडले, तर त्यांना गळपट्टी धरून भिंतीवर आपटलं. "खोटं! माझ्या पोरीला कुणी शिकवलं हे? मार्लीन, सांग तिला!"

"मी तव्यानं हाणलं तुला लॉर्न, तेव्हा सुटली ती. पाठ दुखत होती ना आठवडाभर?"

"ती पोत्यांनी..." तो म्हणाला. सरांची गळपट्टी सुटली. टेसाच्या प्लास्टरकडे त्यानं प्रथमच नीट पाहिलं. नाकावाटे रक्त आल्यागत त्यानं तोंड पुसलं, पण रक्त नव्हतं.

"जातो डॉक्टरकडे," तो म्हणाला. "मार्लीन, आजपासून ही तुझ्याकडे राहील. घराची किल्ली काढून घे हिच्याकडची."

"बाबा, मी यासाठी नव्हतं लिहिलं," टेसा रडत त्याच्याकडे निघाली.

"जवळ येऊ नकोस!"

ती थांबेना. तेव्हा त्यानं दोन्ही मुठी स्वतःच्या काखांत दाबून धरल्या आणि काचांवरून मागे सरकायला लागला. पाठ फळ्याला टेकली तरी टाचा रेटतच होता.

"धर तिला, मार्लीन! धर ना!"

मी तिला धरलं.