आज वाचनालय सुरू आहे

जगातली निम्मी लाज एकट्या आमच्या साडूंच्या वाट्याला आली आहे. बसस्टँडवर कंट्रोलर होते तेव्हा भोकरदनची गाडी उशिरा आली की माफी हेच मागायचे आणि ड्रायव्हर बाजूला निवांत तंबाखू मळत उभा. निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयाची वेबसाइट सांभाळायचं काम त्यांनी फुकटात अंगावर घेतलं आणि त्या लाजेला नवी जागा मिळाली. शिळी वेबसाइट म्हणजे त्यांच्या लेखी पाहुणे दारात आणि घरात केर. स्टँडवरच्या गाड्यांच्या वेळांच्या फळ्यासारखी ते ती दिवसभर पुसून लिहीत असतात. "वाचनालय सुरू आहे. ग्रंथपाल दाढी करायला गेले आहेत, येतीलच." "पेपर आला, पण आतलं पान सरपंचांकडे आहे." नव्या पुस्तकांच्या यादीत एका जाडजूड कादंबरीखाली त्यांनी लिहिलं, "निम्म्यावर झोप येते." लेखक गावचेच जावई निघाले. मी म्हणालो, "अहो, काढा ते." तर म्हणाले, "मला झोप आल्ती, साडूभाऊ. खोटं कसं लिहू?" त्या जावईबापूंसमोरून जाताना मी अजून मान खाली घालतो.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे टेंभुर्णीला लग्नाला गेलो. पंगतीत जिलेबी वाढून घेणारे ग्रंथपाल दिसले आणि साडूंचा घास हातातच राहिला. म्हणजे वाचनालयाला कुलूप, आणि वेबसाइटवर "सुरू आहे"! मोबाइलला रेंज नव्हती. रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढू लागलेल्या या गृहस्थांना मी सदऱ्याला धरून खाली ओढलं, तेव्हा अख्खं वऱ्हाड नवरदेवाला सोडून आमच्याकडे बघत होतं.

गावी परतलो तर वाचनालयासमोरच्या टपरीवाल्याने सांगितलं, पोलीस भरतीची तयारी करणारी पिंपळगाव रेणुकाईची एक मुलगी गणिताच्या पुस्तकासाठी आली होती, कुलूप बघून परत गेली. साडू त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी पुस्तक पिशवीत घातलं, मला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि थेट तिचं अंगण गाठलं. आयाबाया गोळा झाल्या. त्यांच्यादेखत साडूंनी हात जोडले. "पोरी, आमच्या वेबसाइटवर चालू लिहिलं होतं अन् कुलूप होतं. चूक माझी. तुला उन्हात हेलपाटा पडला."

मला तर तोंड कुठे लपवू असं झालं. मुलगी गोंधळून म्हणाली, "काका, मी कुठं वेबसाइट बघितली? मी अशीच आल्ते. वाचनालयाची बी वेबसाइट असती का?"

साडूंचे कान लाल झाले. पुस्तक देऊन, चहाही न घेता ते निघाले. घरी येताच चष्मा लावून लिहायला बसले, "काल वाचनालय बंद होते. कळवले नाही. माफ करावे."

मी म्हणालो, "कुणी वाचतच नाही, तर माफी कुणाची मागता?"

मान वर न करता ते म्हणाले, "कुणी बघत न्हाई म्हून फळ्यावर खोटी गाडी लिहायची का?"

तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर मी ती वेबसाइट उघडतो. खाली भेट देणाऱ्यांचा आकडा असतो, तो एकाने वाढतो. परवा साडू उजळल्या चेहऱ्याने आले. "साडूभाऊ, कुणीतरी रोज बघून राह्यलं! लांबचंच माणूस असंल. गावातलं कोण बघतंय?" मी नुसती मान हलवली. खरं सांगायची लाज वाटली.

आज तिथे नवी ओळ आहे, "रोज बघणाऱ्या लांबच्या वाचकांनी कधीही यावे. उशीर झाला तरी आम्ही थांबू." माझं घर वाचनालयापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे.