भोरड्या हाकलायला कोण?

मी गाव सोडलं त्या सकाळी आई मला पोचवायला आली नाही. दादर, म्हणजे आमच्याकडची थंडीतली ज्वारी, दाण्यात आली होती आणि वावर सोडून हलायची सोय नव्हती. एरंडोलला जाणारी काळीपिवळी आमच्या बांधालगतून गेली तेव्हा ती चार लाकडांच्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवत ओरडत होती. मी काचेतून हात हलवला. तिचाही हात वर गेला. तो मला होता की भोरड्यांना, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. शेजारी आबा, माझे वडील, माझी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "तिले काम शे ना."

भोरड्या म्हणजे काळ्या डोक्याचं, गुलाबी अंगाचं, साळुंकीएवढं पाखरू. थंडीत थव्यानं यायच्या आणि कणसं रिकामी करून जायच्या. शाळेतून आले की दप्तर टाकून माळ्यावर चढायचं हे माझं काम. डुलकी घेऊ नको म्हणून आई खालून बजावायची, "डोया लागना का बठ्ठा दाना गया!" त्यामुळे पाखरांकडे मी कायम वैऱ्यासारखंच बघितलं. पाखरं हाकलायची असतात एवढंच आम्हाला ठाऊक.

ती नुसती बघायचीही असतात हे जळगावात कळलं. तिथे मी मुलींच्या वसतिगृहात वॉर्डन म्हणून लागले. शेजारच्या बाई रोज पहाटे मेहरूण तलावावर दुर्बीण घेऊन जायच्या, एकदा मलाही ओढून घेऊन गेल्या. काठावर एक खंड्या बसला होता. मी पाच मिनिटं त्याच्याकडे बघितलं, त्यानं पाण्यात सूर मारला आणि मला उगाचच हसू आलं. कुणाचं नुकसान नाही, कुणाची राखण नाही. असं फुकटचं सुख मी आधी कधी घेतलंच नव्हतं.

पुढे ओळखीतून अल्माटीची नोकरी मिळाली. कझाकस्तान. डॉक्टर व्हायला आलेल्या आपल्याकडच्या मुलींचं हॉस्टेल, मी तिथली वॉर्डन. हीटर, हजेरी, मेसमधली वरणाची तक्रार, व्हिसाचे कागद. बर्फ पडलं की बाल्कनीत बाजरी टाकते आणि चहा घेऊन काचेमागे उभी राहते. पिवळ्या पोटाच्या रामगंगा, चिमणीएवढी पाखरं, येतात, भांडतात, जातात. तुमच्यापैकी जे असे दूर गेले आहेत त्यांना हे सांगायला नको. दिवसातली तेवढीच दहा मिनिटं आपली असतात.

आई गेली तेव्हा तिकिटाचा घोळ झाला. मी घरी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. मावशी मला धरून म्हणत राहिली, "रड वं पोरी, रड." मला रडू आलं नाही. पाहुण्यांना चहा दिला, भांडी घासली, परत आले. त्यानंतर आत काही हलतच नाही. दुःख होतं असंही नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, मग ओठ आपला वाटत नाही, तसं आहे. गावी जायचा विषय निघाला की मी म्हणते, बघू.

आबा मात्र कधीच 'ये' म्हणत नाहीत. ते मे महिन्याच्या शेवटी फोन करून विचारतात, "वावर दादरले ठेवू का कपाशी लावू?" दादर घ्यायची तर पावसाळाभर वावर मोकळं राखावं लागतं, म्हणून हे आधीच ठरवायचं असतं. आणि दादर घेतली तर थंडीत राखणीला घरचं माणूस लागतं. कपाशीला कुणी लागत नाही. आई गेल्यापासून मी म्हणत आले, कपाशी लावा आबा. ते म्हणतात, "बरं." फोन बंद.

यंदाही विचारलं. मी म्हटलं, दोन दिवसांत सांगते.

त्याच रविवारी मेसमधली गुल्नारा मला तिच्या गावी घेऊन गेली. नजर पोचेल तिथवर गवत. घरामागे तिच्या म्हाताऱ्या वडिलांनी दगडांचा मोठा ढीग रचलेला. त्या ढिगातून भोरड्या ये-जा करत होत्या, चोचीत टोळ धरून. आत पिल्लं होती. गुल्नारा म्हणाली, हे पाखरू टोळ खातं, म्हणून बाबा दरवर्षी त्यांच्यासाठी दगड रचतात. म्हणजे आम्ही ज्यांना ढेकळं मारली, त्यांच्यासाठी इथे कुणी घर बांधून ठेवतं.

मी दुर्बीण लावणार तेवढ्यात एक अख्खा थवा समोरच्या गवतात उतरला. आणि माझ्या तोंडून आरोळी निघाली, "हाऽऽऽ हुर्र्याऽऽ!" पोटातून, हात वर करून, हुबेहूब आईची. सगळा थवा उडाला. म्हातारबाबा दचकून माझ्याकडे बघायला लागले. मी माफी मागितली. डोळे कोरडेच होते, पण घसा सोलवटून निघाला होता. कित्येक दिवसांत पहिल्यांदा कुठेतरी दुखलं, आणि मला ते बरं वाटलं.

तिथूनच आबांना फोन लावला. भोरड्या, दगड, पिल्लं, सगळं सांगितलं.

"तठे त्यासले कोनी हाकलत नही?"

"नाही. जपतात."

आबा म्हणाले, "मंग आठे कसाले येतस त्या?"

जपणारं घर एकीकडे आणि थंडी आली की आमच्या ढेकळांखाली. तरी येतात.

मी म्हटलं, "आबा, कपाशी नको. वावर दादरला ठेवा."

"पाखरं हाकलाले कोन?"

इतक्या वर्षांत मी फोनवर त्यांच्याशी शहरातलीच भाषा बोलत आले होते. त्या दिवशी नाही.

"मी हाकलसू."

मग त्यांनी विचारलं, माळ्याची लाकडं वाळवीनं खाल्लीत, नवी आणून ठेवू का?